लूम थांबले की

१७ नोव्हेंबर

आलो एकदाचे बुऱ्हाणपूरला. नाशिकचं अख्खं बिऱ्हाड एका टेम्पोत मावलं, याचं वाईट वाटून घ्यायचं की बरं, ते उद्या ठरवीन. आज मी खुशीत आहे. जीवनची कंपनी बंद पडली तेव्हा त्याचा धाकटा भाऊ विपुल म्हणाला होता, दादा, इकडेच या, सुताचं दुकान दोघं मिळून पाहू. तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता कबूल करते, घर छान आहे. राजपुऱ्यात, दुमजली, आणि वर गच्चीला लागून आमची खोली. गल्लीत समोरच पॉवरलूमचा कारखाना आहे. सकाळपासून जी खटखट सुरू होते ती थांबत नाही. सासूबाई म्हणाल्या, आठ दिवसांत तुला ऐकूच येणार नाही ती. दुपारी लाईट गेली तसे सगळे लूम एकदम बंद पडले आणि इतकं सुनं झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. सासूबाईंना सांगितलं तर हसल्या.

विपुलची बायको पूजा खंडव्याची. दोन वाक्यं मराठीत बोलली की तिसरं हिंदीत. तिचा गुड्डू अजून दोन महिन्यांचाही नाही. बारशाला नाव समर्थ ठेवलंय, पण त्या नावाने कोणी हाक मारत नाही. मी हात पुढे केले तर पूजा म्हणाली, ताई, पहले हाथ धो लो ना, मग घ्या. धुतले बाई, साबण लावून कोपरापर्यंत. मग त्याला घेतला. रडला नाही. माझ्या बोटाला धरून झोपला. पूजा म्हणाली, तुम्हाला ओळखतो वाटतं.

रात्री जेवायला मांडे होते. लाज न बाळगता खाल्ले.

२० नोव्हेंबर

सासूबाईंचा, म्हणजे आमच्या सरुबाईंचा, एक दंडक आहे. बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही. ओळखीच्या, धडधाकट मुलाचं वापरलेलं, धुऊन मऊ पडलेलं झबलं मागून आणायचं. त्या मुलाचं आयुष्य याला लाभतं म्हणे. समोर दिवसभर ताग्यावर तागे विणले जातायत आणि घरचं पोर दुसऱ्याच्या जुन्यात. मला हसूच आलं.

पण थंडीत काही वाळत नाही आणि गुड्डू झबली भिजवायला शूर. आज पूजा विचारून गेली, ताई, तुमच्याकडे कुणाचं आहे का एखादं? विचारलं आणि जीभ चावली. कारण घरात सगळ्यांना माहीत आहे.

वेदूबद्दल या वहीत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. तीन महिन्यांची होती. साधं पडसं म्हणता म्हणता छातीत उतरलं, आणि तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं, तिला झेपलं नाही. बास. तिचे सगळे कपडे गंगेला सोडले असं मी सासूबाईंना सांगितलं होतं. गेलेल्या पोराचा कपडा घरात ठेवत नाहीत, आणि दुसऱ्या पोराला घालणं तर कोणी मनातही आणत नाही. एक सोडला नव्हता. पिवळं झबलं, छातीवर मी हाताने बदक काढलेलं.

ते ट्रंकेतून काढलं आणि खाली नेऊन दिलं. सांगितलं, माझ्या बहिणीच्या मुलाचं आहे, आता शाळेत जातो, नुसता दांडगट. सासूबाईंनी झबलं कपाळाला लावलं. जीवन समोर बसून चहा पीत होता. त्याने बघितलं आणि त्याला ओळखूसुद्धा आलं नाही. स्वतःच्या मुलीचं झबलं.

का दिलं? मला ते एकदा भरलेलं बघायचं होतं. बदकाखाली पोट वरखाली होताना. पाहिलं. छान दिसतो त्याला पिवळा.

२३ नोव्हेंबर

आज पोटात नुसती आग आहे, लिहूनच टाकते.

पूजाला डिंकाचे लाडू, पूजाला मेथी, पूजाने वाकायचं नाही, पूजाने गार पाण्यात हात घालायचा नाही. ठीक आहे, बाळंतीण आहे. पण ती कुरकुर करते ना, की ताई, रात्रभर पितो, पाठ मोडली, कपडे दुधाने ओले होतात, तेव्हा मला वाटतं हिच्या एक ठेवून द्यावी. माझं दूध वेदू गेल्यावरही येत राहिलं होतं. मी ते मोरीत उभी राहून पिळून टाकायची. हे मी हिला सांगणार नाही. सांगितलं तर ती रडेल आणि मग तिलाच पाणी द्यावं लागेल.

अजून एक. ती गुड्डूला माझ्याकडे देते तेव्हा आधी त्याच्या गालाला तीट लावते. शेजारची ज्योत्स्ना आली, तिच्याकडे तसाच दिला. विपुलच्या मित्राकडे तसाच दिला. माझ्याकडे देताना मात्र काजळाची डबी. मी काही आंधळी नाही.

माझ्याकडे आला की मी पदराने तीट पुसते. मग तो मला जास्त माझा वाटतो.

२६ नोव्हेंबर

काल शनवारा भागातल्या बाजारात गेले होते, तिथे निम्मं गाव शिंकत होतं. आज घसा खवखवतोय, नाक गळतंय.

मला नियम शिकवायची गरज नाही. वेदूच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. छातीतली मोठी नळी झाडाच्या बुंध्यासारखी, तिला फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि शेवटी काडीहून बारीक वाटा. मोठ्या माणसाला जे नुसतं पडसं, ते तान्ह्या बाळाच्या त्या शेवटच्या वाटांत उतरतं. त्या सुजतात, चिकट्याने भरतात, हवा आत जाते पण नीट बाहेर येत नाही, म्हणून शिट्टी वाजते. ज्याला पडसं आहे त्याने बाळाला घ्यायचं नाही, मुका तर नाहीच. एवढी साधी गोष्ट.

पण पूजाला सांगितलं असतं तर तिने त्याला आठ-दहा दिवस माझ्या वाऱ्याला उभं केलं नसतं. आणि घरात काय बोललं गेलं असतं ते मला माहीत आहे. म्हणून गच्चीवर जाऊन शिंकते. नाक पुसून, हात धुऊन खाली जाते. नुसतं पडसं आहे.

दुपारी पूजा अंघोळीला गेली तेव्हा तो रडत होता. मी घेतला. मुका घेतला. एकच नाही.

२८ नोव्हेंबर

दुपारी लाईट गेली. लूम थांबले. मी गच्चीवर कपडे काढत होते.

शिट्टी ऐकू आली. बारीक, श्वास सोडताना लांबणारी, शेवटी तुटणारी. मी ती कुठेही ओळखीन. आधी वाटलं गुड्डू. कठड्यावरून खाली वाकून पाहिलं तर तो अंगणात सासूबाईंच्या मांडीवर तेल लावून घेत होता, उघडा, हसत.

दोरीवर पिवळं झबलं होतं. वारा नव्हता, शेजारचा पंचासुद्धा हलत नव्हता. झबल्याची छाती फुगत होती आणि बसत होती. बसताना बदकाच्या खाली कापड आत ओढलं जायचं, बरगड्यांच्या रेघा उमटायच्या. वेदूच्या बरगड्या अशाच आत जायच्या, शेवटचे दोन दिवस.

मग लाईट आली. खटखट सुरू झाली, आणि झबलं म्हणजे झबलं.

घाबरले का? खरं सांगायचं तर आधी मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्याकडे आलं होतं. पूजाकडे नाही.

३० नोव्हेंबर

गुड्डूचं नाक वाहतंय. अंग थोडं गरम. सासूबाई म्हणाल्या, बाहेरची हवा लागली, शेगडी आण व हिमानी, ओव्याची धुरी देऊ, लसणाची सालं टाक त्यात. मी म्हटलं, आई, धूर नको, त्याच्या छातीला धूर म्हणजे विष आहे. त्या म्हणाल्या, दोन पोरं मी याच धुरीवर वाढवली. मी शेगडी उचलून गच्चीवर नेऊन पाणी ओतलं. मागून त्यांचं ऐकू आलं, की हिला फार समजतं, हिने काय दिवे लावले.

ते लागलं. पण पूजा माझ्या मागे वर आली. रडवेली. ताई, आपको पता है, तुम्हीच सांगा ना काय करू. मग मी सांगितलं. मेडिकलमधून मिठाच्या पाण्याचे थेंब आणायचे, नाकात टाकून नाक मोकळं करायचं आणि मग पाजायचं. थोडं थोडं, पण सारखं. दूध बंद करायचं नाही. लंगोट कमी ओले व्हायला लागले, पिणं अर्ध्यावर आलं, बरगड्या आत जायला लागल्या, ओठ निळे दिसले, की घरी बसायचं नाही. मनाने कुठलं औषध द्यायचं नाही.

तिने माझा हात धरला. दिवसभर गुड्डू माझ्याकडे होता. तीट न लावता दिला तिने. मी पदर तोंडावर बांधला होता, आता, उशिरा.

पोर आजारी पडलं म्हणून मला आज आनंद झाला होता. हे मी लिहिलं आहे आणि खोडणार नाही.

२ डिसेंबर

सकाळी तो प्यायलाच नाही. छातीत खड्डे पडत होते. मीच ओरडून विपुलला रिक्षा आणायला लावली. अंगात पिवळं झबलं होतं.

डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तेच सांगितलं, जे मला पाठ आहे. विषाणू आहे, बारीक श्वासनळ्यांत उतरलाय, त्याला मारणारं औषध नाही, शरीरच त्याला हरवतं. आपण फक्त ऑक्सिजन द्यायचा, नाक साफ ठेवायचं, पिता येत नसेल तर नाकातून नळीने दूध. बहुतेक बाळं बरी होतात, पुढचे दोन-तीन दिवस नाजूक आहेत. मग त्याने विचारलं, घरात कुणाला सर्दी-खोकला होता का?

विपुल म्हणाला, नाही सर, किसीको नहीं. सासूबाई म्हणाल्या, नाही. पूजाने माझ्याकडे बघितलं, पण संशयाने नाही, तर तुम्ही होतात म्हणून वेळेत आलो, अशा नजरेने. मी मास्क लावून उभी होते.

आत फक्त आईला सोडतात. दार पूजासाठी उघडलं आणि माझ्या तोंडावर बंद झालं. नर्सने त्याच्या अंगातलं झबलं काढून एका पिशवीत माझ्या हातात दिलं आणि सासूबाईंनी मला घरी जाऊन डबा करायला सांगितलं.

३ डिसेंबर

घरात मी एकटी. सगळे तिकडे.

झबलं धुतलं नाही. खालच्या खोलीत गुड्डूची झोळी टांगलेली आहे, तिच्यात ठेवलं. दुपारी लाईट गेली.

झोळीला वजन आलं. कापड खाली ताणलं गेलं, दोरी करकरली. मी वर वाकून बघितलं नाही. नुसता हात लावला, बाहेरून. ऊब होती. आणि ती शिट्टी.

मी वेदू म्हणाले. शिट्टी क्षणभर थांबली.

मग मी झोका दिला. झोका दिला की तिचा श्वास मोकळा होतो. शिट्टी विरते. झोपते ती. किती दिवसांनी मी कुणाला झोपवलं.

जीवनचा फोन आला, गुड्डूचा ऑक्सिजन एकदम कमी झाला होता, आता वाढवलाय. मी फोन घ्यायला झोळी सोडून उठले होते. मागे शिट्टी परत सुरू झाली होती. जीवन म्हणाला, थांब, थोडा सुधारतोय म्हणतात.

योगायोग असेल.

४ डिसेंबर

योगायोग नाही.

झोका दिला, ती शांत. फोन, तिकडे तो खाली. झोका थांबवला, तिची घरघर, बरगड्या कापडातून दिसतात. फोन, तिकडे तो बरा.

श्वास एकच आहे. दोघांत. त्या झबल्यातून ती त्याचा ओढून घेते. मीच तिला वाट दाखवली, मीच तिचं झबलं त्याला घातलं. आणि ते पडसं — तेही मीच.

तरी सकाळभर झोका देत बसले. का नको? पूजाला पुढच्या वर्षी दुसरं होईल. तिचं अंग भरलेलं आहे, तिला दूध आहे, तिला सगळं आहे. मला एवढंच. एवढीशी झोळी.

दुपारी विपुलचा फोन. रडत होता. भाभी, इंदूरला न्यावं लागेल कदाचित. मागून पूजाचा आवाज. ती ओरडत नव्हती. नुसती म्हणत होती, ताईला विचारा ना, ताईला माहीत असतं.

मी झोका सोडला.

ती तडफडली. मी कान झाकले नाहीत. ऐकलं. दोनदा ऐकलं आता मी ते, आईने एकदाही ऐकू नये असं. झबलं उचललं, गरम होतं, रिक्षा केली, राजघाटावर गेले आणि तापीत सोडलं. पाण्यावर बदक थोडं लांब जाऊन बुडालं. रिक्षावाला म्हणाला, बाई, रडू नका, क्या हुआ. मी म्हटलं, काही नाही, जुना कपडा होता.

५ डिसेंबर

इंदूर टळलं. ऑक्सिजन कमी करत आणलाय. तोंडाने दूध घेतलं म्हणे, थोडं.

लाईट गेली होती. लूम थांबले. काहीच ऐकू आलं नाही. झोळी हलकी.

इतकं रिकामं घर.

८ डिसेंबर

उद्या घरी आणणार. डॉक्टरने बजावलंय, जो हात लावेल त्याने हात धुवायचे, ज्याला सर्दी त्याने लांब राहायचं, घरात विडी नको, धुरी नको, आईचं दूध चालू. खोकला अजून थोडे दिवस राहील, घाबरायचं नाही.

सासूबाई स्वतः वर आल्या. म्हणाल्या, माझं चुकलं व त्या दिवशी, तुझ्यामुळे पोर हाती लागलं. मला साडी दिली. मी ती घेतली.

पूजा फोनवर म्हणाली, गुड्डूला एक नहीं, दोन आया आहेत. ती मनापासून म्हणाली. मला मात्र ते दानासारखं लागलं.

९ डिसेंबर

आणला. ओवाळला. पूजा त्याला घेऊन खालच्या खोलीत, दार लोटून. मी बाहेर व्हरांड्यात, वही घेऊन.

लाईट गेली —

लूम थांबले.

आतून त्याचा श्वास. स्वच्छ. किती छान. आणि —

नाही.

दुसराही. शिट्टी. तिचीच.

पण मी सोडलं होतं ना. माझ्या हाताने.

दाराच्या फटीतून पूजाला विचारलं, त्याला काय घातलंय. ती हसत म्हणाली, ताई, तुमचं पिवळं, दोरीवर होतं ना, थोडं ओलसर आहे अजून, पर अच्छा लगता है उसको. बघा ना, आज किती पितोय, दोन्हीकडून एकदम ओढल्यासारखं होतंय. आणि दवाखान्यात तर एवढा जड नव्हता.

दोन्हीकडून.

ती परत आली. मी बुडवलं तरी आली. पण माझ्याकडे नाही. झोळीत मी हात लावला, झोका दिला, मी तिला — आणि ती पूजाच्या छातीला. दूध आहे तिकडे. माझी मुलगीसुद्धा हिलाच —

शिट्टी विरतेय. पितेय ती. मोकळी होतेय.

आणि दुसरा श्वास अडकायला लागलाय. पूजाला कळत नाहीये. तिला वाटतंय तो झोपतोय.

एकच श्वास आहे. एकाचा थांबला की दुसऱ्याला पुरेल. त्याच्या अंगातलं झबलं काढून घेतलं तर तो जगेल. अंगात तसंच राहू दिलं आणि झोका देत बसले, तर ती —

हात धुतले मी. साबण लावून, कोपरापर्यंत.

दाराशी जाऊन म्हटलं, पूजा, दे इकडे, तू दमलीस, थोडा वेळ मी घेते.

ती म्हणाली, हो ताई, घ्या ना. उठतेय ती. तीट नाही लावणार, आता नाही लावत ती मला देताना.

दार उघडतंय. मी वही खाली ठेवते आणि हात पुढे —